नाक टोचल्यानंतरचे सहा महिने: वाचकांचे प्रश्न आणि त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

लग्नसराई जवळ आली की नाक टोचण्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांतील बरेचसे प्रश्न एकमेकांत मिसळलेले होते, म्हणून सारख्या पत्रांतून एकेक निवडून त्याला उत्तर दिले आहे. उत्तर वाचून कोणी स्वतःचे निदान स्वतः करू नये. मात्र कोणत्या लक्षणासाठी थोडे थांबता येते आणि कोणत्या लक्षणासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा, एवढे यातून प्रत्येकीला आणि प्रत्येकाला नक्की कळावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी नाक टोचून घेतले. रोज सकाळी चमकीभोवती पिवळसर पांढरी खपली धरलेली दिसते. आई म्हणते की पू झाला आहे. आजी हळद आणि खोबरेल तेल लावायला सांगते. जिथे टोचले तिथल्या ताईंनी चमकी दिवसातून दोन-तीनदा फिरवायला सांगितली आहे. मी नेमके कोणाचे ऐकू?
*(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)*

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून हा पू वाटत नाही. ताज्या जखमेतून पातळ, फिकट पिवळसर लस झिरपते. ती हवेने वाळली की चमकीच्या कडेला तिची खपली धरते, आणि रात्रभर कोणी पुसत नसल्यामुळे ती सकाळी अधिक दिसते. पहिले चार ते सहा आठवडे असे होणे हा जखम भरण्याचाच भाग आहे. पू दाट असतो, गडद पिवळा किंवा हिरवट असतो, बहुधा त्याला वास येतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्यासोबत ठणका, वाढती सूज आणि स्पर्शाला जाणवणारी ऊब असते. यांपैकी काही नसेल तर आईला निश्चिंत राहायला सांगावे.

आता चमकी फिरवण्याविषयी. हा सल्ला आपल्याकडे इतका रूढ आहे की त्यामागचे कारण कोणी विचारत नाही. टोचलेले भोक म्हणजे एक छोटा बोगदा आहे. त्याचे एक तोंड बाहेरच्या त्वचेत उघडते आणि दुसरे नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरात. जखम भरते तेव्हा दोन्ही तोंडांकडून नवी त्वचा आत सरकत जाते आणि मधोमध मिळून त्या बोगद्याला पूर्ण अस्तर करते. सुरुवातीला हे अस्तर अतिशय नाजूक असते. तुम्ही चमकी फिरवता तेव्हा तिला चिकटलेली कडक खपली त्या भोकातून ओढली जाते, नव्या त्वचेला ओरखडे पडतात आणि बाहेरचे जंतू आत जातात. फिरवली नाही तर चमकी मांसात चिकटून बसेल, ही भीती निराधार आहे, कारण अस्तर तयार झाले की दागिना त्यात आपोआप मोकळा राहतो. तेव्हा फिरवणे आजपासून बंद करावे.

हळदीत जंतूंना रोखणारे गुण आहेत हे खरे, परंतु डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिची पूड भोकात साचते आणि खोबरेल तेलात मिसळली की तिचा चिकट थर बसतो, ज्याखाली लस अडकून राहते. तेलामुळे खपली मऊ होते आणि बरे वाटते, म्हणून आजीचा अनुभव खोटा नाही. पण तो मऊपणा मिठाच्या पाण्यानेही येतो आणि त्याने भोक बुजत नाही. भोक मोकळे राहावे म्हणून चमकी काढून कडुनिंबाची किंवा झाडूची काडी घालून ठेवण्याची पद्धतही काही घरांत आहे. ताज्या जखमेत ती मुळीच घालू नये, कारण तिचे बारीक तंतू आत राहतात. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हे सगळे जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात, म्हणून रोजच्या निगेत त्यांना जागा नाही. जंतुनाशक मलमही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नये.

मग करायचे काय? मेडिकलच्या दुकानात ०.९ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी, म्हणजे नॉर्मल सलाईन, छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांत मिळते. एक कुपी एका वेळेला फोडावी आणि उरलेले पाणी टाकून द्यावे. घरी करायचे असेल तर एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ हे प्रमाण आहे; पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला ते अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडे कमी पडते. मीठ वाढवल्याने गुण वाढत नाही, उलट त्वचा कोरडी पडून भेगाळते. दिवसातून दोनदा, साबणाने हात स्वच्छ धुतल्यानंतर, या पाण्यात भिजवलेली गॉजची घडी चमकीवर बाहेरून दोन-तीन मिनिटे धरावी. खपली सुटून येते, तिला नखाने उचकटण्याची गरज पडत नाही. आतल्या बाजूलाही ओली घडी हलकेच टेकवावी. कापूस वापरला तर त्याचे धागे चमकीच्या काट्यात अडकतात, म्हणून गॉज बरे. नंतर स्वच्छ कागदी रुमालाने टिपून कोरडे करावे. एवढे पुरे आहे. दिवसातून पाच-सहा वेळा धुतले तर जखम लवकर भरेल असे वाटते, पण जास्त धुण्यानेही ती चिघळते.

टॉवेल, ओढणी, स्वेटर आणि मास्क यांच्याकडे लक्ष ठेवावे, कारण अंगातून कुर्ता काढताना चमकी ओढली जाण्याचा प्रकार सर्वात जास्त घडतो. उशीचा अभ्रा दोन-तीन दिवसांनी बदलावा. फाउंडेशन आणि टाल्कम पावडर त्या नाकपुडीपासून दूर ठेवावी. विहीर, नदी किंवा तरणतलावात पोहणे पहिले दोन महिने टाळावे.

प्रश्न : दिवाळीत नाक टोचले आणि फेब्रुवारीत लग्न आहे. बाहेरून भोक अगदी बरे दिसते, दुखतही नाही. सासूबाईंनी दिलेली सोन्याची मोत्यांची नथ मला घालायची आहे. चालेल ना?
*(एक वाचक, नाशिक)*

उत्तर : मी तुम्हाला नाही म्हणेन, आणि त्याचे कारण समजून घेतले तर तुम्हालाही पटेल. बाहेरची त्वचा आधी भरते आणि आतली नंतर. म्हणूनच सहा-आठ आठवड्यांत नाक बाहेरून निरोगी दिसू लागते, पण भोकाच्या मधल्या भागात अजून कच्चे मांस असते. नाकपुडी पूर्णपणे स्थिरावण्यास साधारण चार ते सहा महिने लागतात आणि काहींना त्याहून अधिक. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ जेमतेम साडेतीन-चार महिन्यांचा आहे.

दुसरी अडचण नथीची आहे. टोचताना वापरलेली तार किंवा चमकीची काडी बहुधा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची असते. परंपरागत नथीची तार त्याहून जाड असू शकते आणि मोत्यांचा सगळा भार एकाच बाजूला पडतो. अपक्व भोकात जाड तार ढकलली की ते आतून फाटते. वर तासन्‌तास चाललेल्या विधींमध्ये नथीचे वजन त्या फाटलेल्या जागेला खाली ओढत राहते. लग्नानंतरच्या आठवड्यात नाक सुजवून आलेल्या नववधू मी पाहिल्या आहेत, आणि तेवढा एक दिवस सोडला असता तर त्यांचे पुढचे दोन महिने सुखाचे गेले असते.

सासूबाईंची नथ सोनाराकडून चापाची करून घ्यावी. अनुभवी सोनार मूळ मोती आणि घडण तशीच ठेवून मागच्या तारेऐवजी दाबाचा चाप बसवून देतात, आणि नंतर पुन्हा तार लावता येते. तुम्ही उजवी नाकपुडी टोचली असेल तर प्रश्नच मिटतो, कारण आपल्याकडे नथ डाव्या बाजूला घालतात. डावी असेल तर चापाची नथ भोकाच्या किंचित पुढे, नाकपुडीच्या कडेला घालावी आणि मूळची चमकी काढू नये. चमकी काढून भोक मोकळे ठेवले तर कच्चे भोक काही तासांत आकसते. पुढल्या वर्षी संक्रांतीला किंवा मंगळागौरीला हीच नथ तारेची करून निश्चिंत मनाने घालता येईल.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला नाक टोचायचे आहे. आमच्या गावचा सोनार तारेने टोचतो, शहरात ब्युटी पार्लरमध्ये बंदुकीने टोचतात, आणि एका डॉक्टरांकडे सुईने टोचतात. कोणाकडे जावे?
*(एक पालक, परभणी)*

उत्तर : बंदूक नको. हे मी ठामपणे सांगते. ती स्प्रिंगच्या जोराने तुलनेने बोथट टोकाची चमकी मांसातून ढकलते, त्यामुळे भोवतीचा भाग चेंगरतो. तिचा प्लास्टिकचा सांगाडा दाबयुक्त वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करता येत नाही. नुसते स्पिरिटने पुसल्याने तिच्या फटीत राहिलेले रक्ताचे सूक्ष्म थेंब जात नाहीत. बंदुकीच्या चमकीची लांबी ठरलेली असल्याने सूज आली की तिला जागा उरत नाही आणि मागची पकड आतल्या अस्तरात रुतून बसते. कानाच्या पाळीसाठी बनवलेले हे साधन नाकासाठी वापरले जाते, हेच मुळात चुकीचे आहे.

डॉक्टर किंवा प्रशिक्षित व्यक्ती पाकीट तुमच्यासमोर फोडून, एकदाच वापरायच्या पोकळ सुईने टोचत असेल, तर ते सर्वात उत्तम. धारदार सुईने भोक स्वच्छ पडते. सोनाराच्या पद्धतीला मी वाईट म्हणणार नाही. धार केलेली सोन्याची बारीक तार सरळ पार जाते आणि तीच वळवून कडी म्हणून राहते, त्यामुळे बाहेरचा हलका धातू जखमेत जात नाही. कसबी सोनाराचा हातही इतका सरावलेला असतो की भोक तिरके पडत नाही. पण त्याला तीन गोष्टी नीट विचाराव्यात : तार नवी आहे का, ती निर्जंतुक कशी केली, आणि टोचण्यापूर्वी तो हात साबणाने धुऊन हातमोजे घालतो का. दिव्याच्या ज्योतीवर तार धरणे पुरेसे नाही. वापरलेली तार दुसऱ्याला लावली तर हिपॅटायटिस ब आणि क, तसेच एचआयव्ही पसरू शकतात.

मुलीचे धनुर्वाताचे लसीकरण झाले आहे का तेही पाहावे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात १० आणि १६ व्या वर्षी धनुर्वात व घटसर्पाची टीडी लस आहे, आणि नववीतल्या मुलीला पहिली मिळालेली असायला हवी. तिला मधुमेह असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा घरात कोणाला केलॉइडचे, म्हणजे मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढत जाणारे, वण येत असतील, तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे. परीक्षेच्या किंवा सहलीच्या आधी लगेच टोचू नये. आणि जागा निवडताना नाकपुडीच्या वळणातला मऊ भाग निवडावा. त्याहून वर, नाकाच्या दांड्याकडे गेले की कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड, लागते. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते, त्यामुळे तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो बरा होण्यास फार वेळ लागतो आणि नाकपुडीचा आकारही बिघडू शकतो.

प्रश्न : टोचून चार महिने झाले. भोकाच्या शेजारी लालसर गाठ आली आहे. मैत्रिणीने चुना लावायला सांगितले, तिची गाठ त्याने गेली म्हणते. हा केलॉइड असेल का? मला फार भीती वाटते.
*(एक वाचक, ठाणे)*

उत्तर : चुना लावू नये. तो त्वचा जाळतो, आणि जळालेल्या जागी नंतर जो वण राहतो तो मूळ गाठीपेक्षा वाईट असतो. ॲस्पिरिनची पेस्ट, टूथपेस्ट आणि टी-ट्री तेल यांनाही हेच लागू आहे.

टोचल्यानंतरच्या बहुतेक गाठी केलॉइड नसतात. लाल, ओलसर, मऊ आणि जराशा धक्क्याने रक्त येणारी गाठ असेल तर ती वाजवीपेक्षा जास्त वाढलेल्या कोवळ्या मांसाची असते. चमकी सतत हलणे, जुनी खपली ओढणे, लांबी न जुळणारा दागिना किंवा त्रास देणारा धातू ही तिची सामान्य कारणे आहेत. दुसरा प्रकार जाडसर, गुलाबी, कडक वणाचा, जो भोकाभोवतीच राहतो आणि काही महिन्यांनी हळूहळू सपाट होतो. या दोन्हींत आधी कारण दूर करावे लागते. योग्य लांबीची, हलकी, सपाट पाठीची चमकी अनुभवी व्यक्तीकडून बसवून घेतली आणि तिला हात लावणे बंद केले तर काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. ओले मांस राहिलेच तर आम्ही दवाखान्यात ते औषधाने किंवा उपकरणाने काढतो.

केलॉइड मात्र मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढतो, बहुधा काही महिन्यांनी सुरू होतो आणि थांबत नाही. तो नाकापेक्षा कानाच्या पाळीवर, छातीवर आणि खांद्यावर अधिक आढळतो, सावळ्या त्वचेत अधिक आढळतो आणि घराण्यात चालतो. तुमच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना तसे वण असतील, किंवा तुमची गाठ महिन्याभरात वाढतच गेली असेल, तर लवकर यावे, कारण लहान असताना त्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन चांगले काम करते. नुसता कापून काढला तर तो बहुधा पुन्हा येतो आणि पूर्वीपेक्षा मोठा येतो.

प्रश्न : एक ग्रॅमची सोन्याची चमकी घातली की नाक खाजते आणि आजूबाजूला पुरळ येते. शुद्ध सोन्याने येत नाही. असे का?
*(एक वाचक, पणजी)*

उत्तर : हे बहुधा निकेलचे वावडे आहे. अशा दागिन्यात आत स्वस्त मिश्रधातू असतो आणि वर सोन्याचा पातळ मुलामा. घामाने आणि घर्षणाने मुलामा झिजला की निकेल त्वचेला लागते. एकदा हे वावडे जडले की ते सहसा आयुष्यभर राहते, त्यामुळे घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचे बटणही त्रास देऊ शकते. २२ कॅरेटच्या सोन्यात, म्हणजे ज्यावर ९१६ हॉलमार्क असतो त्यात, ९१.६ टक्के सोने आणि उरलेले बहुधा तांबे व चांदी असते. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल मिसळलेले असू शकते, म्हणून ते विचारून घ्यावे. ताज्या भोकासाठी वैद्यकीय दर्जाचे टायटॅनियम सर्वात सुरक्षित. चांदी जुन्या, भरलेल्या भोकात चालते, ताज्यात नको, कारण ती काळी पडते आणि तिचा अंश जखमेत उतरू शकतो.

प्रश्न : टोचून दहा दिवस झाले. कालपासून नाकपुडी लाल आहे, ठणकते, दाट पू येतो आहे आणि अंगात कणकण आहे. चमकी काढून टाकू का? पू दाबून काढला तर चालेल का?
*(एक वाचक, सोलापूर)*

उत्तर : तुमचे पत्र पोहोचेपर्यंत तुम्ही दवाखान्यात गेला असाल अशी आशा आहे. संपादकांना विनंती करून मी हा प्रश्न मुद्दाम घेतला आहे, कारण याच वेळी घरच्या घरी केलेल्या दोन चुका सर्वाधिक महागात पडतात.

पहिली चूक चमकी काढण्याची. आतमध्ये पू असताना दागिना काढला की बाहेरचे तोंड चटकन मिटते आणि पू आत कोंडून गळू होतो. चमकी जागेवर राहिली तर तिच्या कडेने पू बाहेर येत राहतो. काढायची की नाही हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. मागची पकड मांसात रुतली असेल तर ती काढण्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे, घरात चिमटा वापरू नये.

दुसरी चूक दाबण्याची. नाक आणि वरचा ओठ या भागातल्या शिरा डोळ्यांच्या मागून जाणाऱ्या शिरांशी जोडलेल्या असतात. तिथला संसर्ग दाबून आत ढकलला तर तो क्वचित मेंदूजवळच्या शिरांपर्यंत पोहोचू शकतो. हे दुर्मीळ आहे, पण घडले तर प्राणावर बेतते. डोळ्याभोवती सूज, डोके फार दुखणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा थंडी वाजून ताप येणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे.

पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकातच स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू राहतो, म्हणून नाक कोरत राहणे आणि त्याच हाताने चमकी चाचपणे ही संसर्गाची नेहमीची वाट आहे. कूर्चेच्या संसर्गात दुसरे जीवाणू असतात आणि त्यांना वेगळी प्रतिजैविके लागतात. म्हणूनच मेडिकलमधून शेजाऱ्याला दिलेल्या गोळ्या आणून घेऊ नयेत. डॉक्टरांनी पुवाचा नमुना तपासायला पाठवला तर त्याला वेळ द्यावा.

प्रश्न : नाकाच्या मधल्या पडद्यात कडी घालायची आहे. ती लवकर बरी होते असे ऐकले.
*(एक वाचक, पुणे)*

उत्तर : ऐकले ते खरे आहे, पण जागा अचूक असेल तरच. पडद्याच्या पुढच्या टोकाजवळ कूर्चा संपते आणि नुसत्या कातडीचा मऊ पट्टा असतो. तिथून टोचले तर दोन-तीन महिन्यांत बरे होते. थोडे मागे सरकले तर सुई कूर्चेतून जाते, फार दुखते, आणि तिथे रक्त साचले तर कूर्चेचे पोषण तुटून नाकाचा दांडा खचू शकतो. टोचल्यानंतर दोन्ही नाकपुड्या अचानक चोंदल्या आणि दुखू लागल्या तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात माझी पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. सात वर्षांपूर्वी टोचलेली चमकी काढायला सांगितली आहे. भोक बुजेल का?
*(एक वाचक, अमरावती)*

उत्तर : चमकी काढावीच लागते, कारण भूल देताना नळी घालण्याच्या वेळी ती सुटून श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो आणि विजेच्या उपकरणांमुळे धातूपाशी भाजण्याचाही. सात वर्षांचे भोक एका दिवसात बुजत नाही, फार तर थोडे आकसते. रुग्णालयाला विचारून, भूल उतरल्यानंतर आणि तुम्ही पूर्ण सावध झाल्यावर, स्वच्छ हातांनी चमकी पुन्हा घालावी. ती सहज जात नसेल तर जोर करू नये. घरी आल्यावर सलाईनच्या गॉजने पाच मिनिटे शेकून पुन्हा प्रयत्न करावा, आणि तरीही जमले नाही तर सोनाराऐवजी ज्यांनी टोचले त्यांच्याकडे किंवा डॉक्टरांकडे जाऊन बारीक काडीची चमकी बसवून घ्यावी.